बदललेली तुळस

१

तुळस बदलली होती, एवढं सगळ्यांना मान्य होतं. कुणी बदलली, हेही जवळपास ठरल्यासारखंच होतं. फक्त तसं लिहून द्यायला एक म्हातारा, निःपक्षपाती वाटेल असा माणूस हवा होता, म्हणून सेतुमाधवरावांना बोलावणं आलं होतं.

एग्मोरच्या त्या इमारतीतली लिफ्ट बंद होती. मे महिन्याच्या उन्हात जिने चढताना सेतुमाधवरावांनी हरिप्रसादला मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या. विमा कंपनीसाठी चौकशा करण्यात त्यांचा जन्म गेला होता. जळालेली गोदामं, बुडालेल्या होड्या, मेल्यावर अचानक जर्सी जातीच्या झालेल्या गावठी गाई, सगळं पाहून झालं होतं. निवृत्त होताना त्यांनी ठरवलं होतं, की यापुढे कुणाला 'खरं सांग' म्हणायचं नाही. पण हरिप्रसाद पडला जुन्या मित्राचा मुलगा. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो, आणि तो आताशा उरला नव्हता.

हरिप्रसादची कंपनी छोटीशी होती. रक्तातली साखर तपासायची पट्टी असते ना, तसली पट्टी ते वनस्पतींसाठी बनवत. तुळशीचं पान अल्कोहोलमध्ये कुटायचं, थेंब पट्टीवर टाकायचा, पट्टीतून बारीकसा वीजप्रवाह जातो आणि मुठीएवढ्या यंत्रावर आकडा उमटतो. पानात युजेनॉल किती, म्हणजे लवंगेसारखा वास देणारं ते औषधी द्रव्य किती, हे त्यावरून कळतं. गुम्मिडिपूंडीच्या एका औषधी कारखान्याला ही पट्टी हवी होती. त्यांच्याकडचं मोठं यंत्र अचूक होतं, पण एका पानाला अर्धा दिवस खात होतं.

म्हणून चाचणी ठरली. वेस्ट मांबलमला बालाजीरावांच्या गच्चीवर कुंड्यांमधून तुळस वाढवली होती. तिचा एक वाटा कारखान्याच्या उपेंद्रनं आदल्या दिवशी बर्फाच्या पेटीतून नेला. दुसरा वाटा चाचणीच्या दिवशी सकाळी ताजा तोडून कंपनीतल्या कार्तिकनं एग्मोरला आणायचा आणि प्रयोगशाळेतल्या नित्यानं पट्टीवर तपासायचा. झाडं तीच, तेव्हा आकडेही जवळजवळ तेच यायला हवेत. प्रत्यक्षात पट्टीनं निम्म्याहूनही कमी आकडा दाखवला.

पट्टी वाईट, म्हणून विषय तिथंच संपला असता. पण उपेंद्र चिकट माणूस. पाकिटात उरलेलं पान त्यानं आपल्या मोठ्या यंत्रावर लावून पाहिलं, आणि तिथंही तोच कमी आकडा आला. म्हणजे पट्टी बरोबर होती. पानच वेगळं होतं.

"पाकीट कार्तिकनें आणलें, मामा. नित्याच्या हातीं दिलें, तिनेंच उघडलें. आणखी कोण असणार?" हरिप्रसाद म्हणाला.

कारणही त्याच्यापाशी तयार होतं. पट्टी घडवली नित्यानं, पण पेटंटच्या अर्जावर नाव एकट्या हरिप्रसादचं गेलं. त्यावरून दोघांचं वाजलं होतं. सेतुमाधवरावांनी हे ऐकून घेतलं, आणि नित्या चोर ठरून गेली तर अर्जातल्या नावाचा प्रश्नही आपोआप मिटतो, हेही मनाशी टिपून ठेवलं.

"बालाजीरावांना विचारलेंस?"

हरिप्रसादनं कानाला हात लावला. "त्यांना कसें विचारायचें? मला गणित शिकविलें त्यांनी. देवमाणूस. त्यांना ह्यांत ओढूं नका, मामा."

नित्याला त्यानं घरी बसवलं होतं. सोमवारी काढून टाकल्याचं पत्र जाणार होतं. कारण म्हणून 'नमुन्यात फेरफार' असं लिहायचं होतं, आणि त्याखाली सेतुमाधवरावांची सही.

२

उपेंद्र मूळचा सांगलीचा. नोकरीसाठी गुम्मिडिपूंडीला आला आणि इथलाच झाला. तंजावरकडचं हे जुन्या वळणाचं मराठी ऐकलं की त्याला आपल्या पणजीशी बोलत असल्यासारखं वाटे, असं त्यानं हसत सांगितलं. पुढे मात्र तो हसला नाही.

त्याचं म्हणणं सरळ होतं. आपला वाटा बालाजीरावांनी त्याच्यासमोर तोडला, त्यानं तो तिथंच बर्फात घातला आणि तडक कारखाना गाठला. बर्फात असेल तर पानाचा कस एका दिवसात उतरत नाही. पट्टी पास झाली नाही तर त्याच्या कारखान्याचं काही बिघडत नव्हतं, दुसरे चार जण पट्ट्या घेऊन रांगेत होते. मग त्यानं उरलेलं पान तपासायचा खटाटोप का केला, असं सेतुमाधवरावांनी विचारलं.

"ती मुलगी अडून बसली होती म्हणून. आकडा बरोबर आहे, पुन्हा तपासा, एवढंच म्हणत होती," उपेंद्र म्हणाला.

सेतुमाधवराव खुर्चीत जरा सरळ बसले. म्हणजे ज्या तपासणीनं नित्या चोर ठरली, ती नित्यानंच मागितली होती. चोरानं स्वतःच पोलिसाला घरी बोलवावं, असला हा प्रकार होता.

३

कार्तिक पंचविशीतला, बालाजीरावांच्या धाकट्या भावाचा मुलगा. वेळ्ळच्चेरीला मित्रांबरोबर खोली घेऊन राहायचा. मराठी घरात जन्मला तरी तमिळच जास्त. तो मराठी बोलायला लागला की प्रत्येक वाक्य मध्येच फाटा बदलून तमिळला जात असे.

पाकीट आपल्या हातातून कुठंही सुटलं नाही, असं तो दोनदा म्हणाला. न विचारता दोनदा म्हणाला, म्हणून सेतुमाधवरावांनी त्याला बोलू दिलं. भल्या पहाटे काकांकडे जावं लागलं, ही त्याची मोठी तक्रार होती. गेला तर काका पानावर बसलेले. काकूनं त्यालाही बसवलं आणि उजाडता उजाडता पूर्ण जेवण वाढलं.

"अगत्ती कीरै, सर. नेल्लिकायची पच्चडी. त्या वेळीं कोण खातें तें?"

अगत्ती म्हणजे हदग्याचा पाला, नेल्लिकाय म्हणजे आवळा, पच्चडी म्हणजे कोशिंबीर. सेतुमाधवरावांच्या जिभेला एकदम जुनी कडू-तुरट चव आली. बायको होती तेव्हा ती हे करायची. कधी करायची, काय निमित्तानं, ते डोक्याशी येऊन परत गेलं. उकाड्यानं विचारही चिकट होतात. त्यांनी तो सोडून दिला.

काकांनी केळीच्या पानात बांधलेली तुळस दिली. कार्तिकनं ती जिन्यातच पाकिटात भरून बंद केली, वर सकाळी तोडल्याचं लिहिलं आणि रेल्वेनं एग्मोर गाठलं. एवढं सांगून तो थांबला. मग दाराकडे बघत, आवाज खाली घेऊन म्हणाला, की एक गोष्ट त्यानं हरि सरांना सांगितलेली नाही.

"त्या दिवशीं नित्याअक्काच्या पिशवींत तुळस होती. मी बघितलें."

४

नित्या सैदापेटला आईबरोबर राहायची. बाप नाही, भाऊ नाही, घर तिच्याच पगारावर चालायचं. आईनं सेतुमाधवरावांना कॉफी दिली आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. मुलीवर आळ आला की आईला शेजाऱ्यांचं तोंड चुकवावं लागतं, आणि इथं तर चौकशीवालाच घरात येऊन बसला होता.

पिशवीतल्या तुळशीचं नित्यानं नाकारलं नाही. स्टेशनाबाहेरच्या फुलवालीकडून ती घेतली होती. चाचणीआधी पट्ट्या नीट चालतात का, ते बाजारच्या पानावर बघून घ्यावं म्हणून. ते आकडे यंत्रात अजून आहेत, बघा म्हणाली.

"बाजारचें पान, कोयंबेडूच्या घाऊक मंडईंतून फिरून आलेलें. त्याचा आकडासुद्धां पाकिटांतल्या पानापेक्षां जास्त आला. मी तेंच घातलें असतें, तर तो आकडा आला नसता, मामा."

सेतुमाधवरावांनी मान हलवली. दुसरंही एक त्यांच्या लक्षात आलं होतं. हिला चाचणी बिघडवायचीच असती, तर पान कशाला बदललं असतं? पट्ट्या हिच्याच हातच्या. तेलकट बोट टेकवलं असतं तरी पट्टी गेली असती आणि ब्रह्मदेवालाही पत्ता लागला नसता.

पाकीट उघडलं तेव्हा पान कसं होतं, ते त्यांनी विचारलं. कडा काळ्या पडल्या होत्या, ओलसर वास येत होता, असं ती म्हणाली. हे तिनं तेव्हाच हरि सरांना सांगितलं होतं. बालाजीकाकांच्या गच्चीवरचं पान आहे, त्याला काय धाड भरली, असं म्हणून त्यांनी तिला गप्प केलं.

जाताना ती दारापर्यंत आली. डोळे कोरडे होते, रडून झाल्यावर होतात तसे. "ह्या गांवांत लॅब किती आहेत, मामा? अस्के, सगळेच एकमेकांना ओळखतात. तुम्ही लिहाल तें माझ्याआधीं तिथें पोंचेल. मी पुढें कुठें जाऊं?"

सेतुमाधवरावांनी चपला पायात सरकवल्या. ही मुलगी खोटं बोलत नाही, हे त्यांना कळलं होतं. पण मग पान बदललं कुणी? कारखान्याच्या माणसाला गरज नव्हती, नित्यानं केलं नव्हतं, हरिप्रसाद स्वतःचीच चाचणी कशाला बुडवेल? उरला कार्तिक. आणि कार्तिकच्या आधी ते पान ज्यांच्या हातात होतं, त्यांचं नाव काढायचीच बंदी होती.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बंदी मोडून मांबलम स्टेशनावर उतरले. बाजारातून जाताना एका भाजीवालीनं हिरव्या पाल्याची जुडी त्यांच्यापुढे नाचवली. गळ्यातली माळ बघून तिनं गिऱ्हाईक ओळखलं असावं. उद्या द्वादशी, अगत्ती संपून जाईल, आजच घ्या, असं ती तमिळमध्ये म्हणाली.

सेतुमाधवराव रस्त्यातच थांबले. मागून एक सायकलवाला त्यांना चुकवताना काहीतरी बोलला, ते त्यांना ऐकूही आलं नाही. एकादशीचा कडक उपास, आणि द्वादशीला उजाडताच हदग्याच्या पाल्यानं नि आवळ्यानं तो सोडायचा. बायको गेल्यापासून त्यांनी एकादशी सोडली, आणि तिथीही सोडल्या. नाहीतर कार्तिकच्या तोंडून ते जेवण ऐकताक्षणीच त्यांना कळलं असतं, की चाचणीचा दिवस कुठला होता.

बालाजीराव गच्चीवरच भेटले. उपासानं चेहरा उतरला होता, पण हात तुळशीत चालत होते. शेजारी केळीचं पान पसरलेलं होतं आणि त्यावर तोडलेल्या तुळशीचा ढीग होता.

"एवढी तुळस आजच तोडतां?" सेतुमाधवरावांनी विचारलं.

"मग कधीं? उद्यां द्वादशी. उद्यां तुळशीला हात लावायचा नाहीं. तुम्हांला ठाऊक नाहीं काय?"

ठाऊक होतं. त्यांच्या आजोबांनी द्वादशीला एकदा चुकून पान तोडलं, तर दिवसभर तोंडात पाणी घेतलं नव्हतं. त्यांनी हळूच विचारलं, की मागच्या द्वादशीला हरिप्रसादला ताजी तुळस हवी होती ना? बालाजीरावांनी शांतपणे सांगितलं, की ती उपेंद्रच्या तुळशीबरोबर आदल्या दिवशीच तोडली, केळीच्या पानात बांधली, पाणी शिंपडून देवघरात ठेवली. त्यांच्या आवाजात चोरटेपणा नव्हता. कसा असणार?

"तुळशीला शिळेपण नाहीं, सेतुमाधवराव. देवाला चालतें, तर हरिच्या यंत्राला काय?"

एक दिवस आणि एक रात्र, मे महिन्यात, बंद देवघरात, ओल्या गुंडाळीत. सेतुमाधवरावांना हसूही आलं आणि दमल्यासारखंही झालं. सगळे मिळून साप साप म्हणून भुई धोपटत होते.

"कार्तिकला हें सांगितलेंत?"

"सांगितलें की. काल तोडलें, घेऊन जा, म्हणून सांगितलें."

सेतुमाधवराव जिना उतरू लागले. म्हाताऱ्यानं खरं सांगितलं होतं. मग पाकिटावर सकाळी तोडल्याचं लिहिणारा कार्तिक सरळसरळ खोटं लिहून बसला होता, आणि त्या खोट्याखाली एक मुलगी चिरडायला निघाली होती.

त्यांच्या हातात त्या ढिगातली थोडी तुळस होती. उरलेली तशीच बांधून देवघरात ठेवायला आणि उद्या सकाळी कार्तिकच्या हाती द्यायला त्यांनी सांगितलं होतं.

६

द्वादशीला सकाळी हरिप्रसादच्या कचेरीत सगळे जमले. उपेंद्र खिडकीशी बसला, कार्तिक पाकीट घेऊन उभा राहिला. नित्याला सेतुमाधवरावांनी मुद्दाम बोलावलं होतं. ती पाहुण्यांच्या खुर्चीत, पिशवी मांडीवर धरून बसली.

आदल्या दिवशी एग्मोरला पोचताच सेतुमाधवरावांनी ताजं पान हरिप्रसादलाच तपासायला लावलं होतं. आकडा उपेंद्रच्या मोठ्या यंत्राच्या पहिल्या आकड्याला जाऊन भिडला होता. आता कार्तिकनं आणलेलं पान कुटून त्यानं थेंब पट्टीवर सोडला. नित्यानं कशालाही हात लावला नाही. यंत्रावर आकडा आला, निम्म्याहूनही कमी. हरिप्रसादनं पट्टी बदलून पुन्हा पाहिलं. तोच आकडा.

"हें पान कुठलें?" त्यानं विचारलं.

"काल तू तपासलेंस, त्याच ढिगांतलें. फक्त रात्रभर देवघरांत होतें." सेतुमाधवरावांनी द्वादशीचं सगळं सांगितलं. मग ते कार्तिककडे वळले. त्याला ते रागावले नाहीत. जन्मभर रागावून झालं होतं. "चाचणीच्या दिवशीं काकांनी तुळस देतांना काय सांगितलें? त्यांचेच शब्द सांग."

कार्तिकला अवघड असं त्यात काहीच दिसेना. "काल तोडलें, घेऊन जा, म्हणाले."

खिडकीशी बसलेल्या उपेंद्रनं मान वळवली. "काल? म्हणजे आदल्या दिवशी?"

"इल्ले, नाहीं, सर. काल. कालै." कार्तिकनं आधारासाठी सगळ्यांकडे पाहिलं. "सकाळीं तोडलें म्हणाले. म्हणून मी सकाळीं लिहिलें."

तमिळमध्ये कालै म्हणजे सकाळ. म्हातारा मराठीत बोलला आणि पुतण्यानं तमिळमध्ये ऐकलं. सेतुमाधवराव काल जिना उतरताना त्याला खोटारडा ठरवून मोकळे झाले होते. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तो शब्द त्यांनी स्वतःशी दोन्ही भाषांत म्हणून पाहिला, तेव्हा कुठे त्यांना पोराची दया आली. आता अर्थ कार्तिकपर्यंत पोचला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. त्यानं नित्याकडे बघायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

म्हणजे पान कुणी बदललं नव्हतं. ते एका दिवसात आपलं आपणच बदललं होतं, आणि पट्टीनं ते पहिल्या दिवशीच ओळखून सांगितलं होतं. उपेंद्रनं ते मोकळेपणानं मान्य केलं. शिळं आणि ताजं इतकं नेमकं सांगणारी पट्टी त्याच्या कारखान्याला हवीच होती. उद्या पुन्हा चाचणी घेऊ म्हणाला.

हरिप्रसादच्या तोंडावर एकदम उजेड आला. त्यानं कॉफी मागवली. "सुटलें, मामा. अस्कें सुटलें. नित्या, सोमवारपासून ये. पेटंटवर तुझें नांवही घालूं. झालें तें विसरून जा."

नित्यानं पिशवीतून कचेरीच्या किल्ल्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. पेटंटचा अर्ज दुरुस्त करून तिच्या पत्त्यावर पाठवावा, आणि सेतुमाधवमामांनी जे शोधलं ते त्यांच्या सहीनं तिला मिळावं, एवढंच तिनं मागितलं. आवाज चढला नव्हता.

"ये म्हणतों ना आतां. चूक झाली, मान्य करतों." हरिप्रसाद चक्रावला होता. "मी मुद्दाम केलें काय?"

"नाहीं, सर. एक फोन करून काकांना विचारलें असतें, तर त्याच दिवशीं कळलें असतें. त्यांना विचारायला तुम्हांला संकोच वाटला." ती उठली. "मला चोर म्हणायला वाटला नाहीं."

हरिप्रसादनं सेतुमाधवरावांकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ त्यांना चांगला ठाऊक होता. समजूत घाला, वडीलकीच्या नात्यानं दोन शब्द बोला, मुलगी ऐकेल. आजवर त्यांनी किती जणांना असं दोन शब्दांत गप्प बसवलं असेल, त्याला गणती नव्हती, आणि ते कामही त्यांना चांगलं जमायचं.

ते उठले, नित्यासाठी दार उघडून धरलं, आणि तिच्या मागोमाग आपणही जिना उतरू लागले.